उरलेली लोकर आणि रमाबाई रानडे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचा वर्ग आमच्या गावात नव्हता आणि मुलीला रोज परगावी धाडण्याची घरच्यांची तयारी नव्हती. पुस्तक सुटले, पण मावशीने हातात सुया दिल्या त्या आजपर्यंत सुटल्या नाहीत. तेव्हा उरलेल्या लोकरीतून मोजे कसे विणावेत एवढेच लिहायचे मी ठरवले होते. मधेच मंडळाच्या कपाटातले रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली निघालेले पुस्तक वाचायला नेले, आणि लिहिण्याचा विषय आपोआपच वाढला.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव तेव्हा सातारा भागात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे नाव यमुना. मुलीच्या जातीला अक्षरओळख अशुभ, अशी त्या काळची समजूत. त्यामुळे अकराव्या वर्षी, १८७३ साली, माधवराव रानडे यांच्याशी लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. माधवराव एकतीस वर्षांचे, मोठे विद्वान, पहिली पत्नी वारलेली. त्यांच्या मनातून विधवेशी विवाह करायचा होता. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही. मात्र घरात आलेल्या या लहान मुलीला त्यांनी लग्न झाल्याबरोबर मुळाक्षरे शिकवायला घेतले.

येथून रमाबाईंची खरी परीक्षा सुरू झाली. दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांत वावरायचे आणि रात्री यजमानांपुढे धडा म्हणायचा. घरात टोमणे, अबोला, आणि पुढे इंग्रजी शिकू लागल्यावर तर अधिकच राग. तरी त्यांनी उलट उत्तर केले नाही आणि धडाही सोडला नाही. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून सभा भरली, तेव्हा गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीत निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंनी केले. १८८४ साली ते हायस्कूल सुरू झाले. तीच आपली हुजूरपागा शाळा. बाहेर कौतुक झाले आणि घरी बोलणी खावी लागली. सासर सांभाळून नवे काही शिकणे किती कठीण असते, हे तुम्हांआम्हांला निराळे सांगायला नको.

१८९३ साली माधवराव मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते वारले. रमाबाईंचे वय तेव्हा अडतीस, पोटी मूल नाही. अशा बाईने कोपऱ्यात बसून दिवस काढावेत हीच जगाची रीत. रमाबाईंनी आरंभी दुःखात काही काळ काढला खरा, पण पुढे पुण्याच्या घरी राहून त्यांनी एकेक काम हाती घेतले. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना त्या भेटू लागल्या. १९०४ साली मुंबईला भरलेल्या महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ साली त्यांच्या राहत्या घरातच पुण्याचे सेवासदन उभे राहिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्या कामी मोठी साथ दिली.

सेवासदनाविषयी वाचताना मी थबकले. तेथे लिहिणे-वाचणे होतेच, पण त्याच्या जोडीला शिवण, भरतकाम, विणकाम अशी हातची कामेही शिकवीत. शाळेचे वय उलटलेल्या बायका, संसारातल्या बायका आणि विशेषतः विधवा यांच्यासाठी हे वर्ग होते. कित्येक घरची मंडळी बाईला पुस्तक शिकायला सोडायला तयार नसत. सुईदोरा शिकायला मात्र सोडीत. उंबरठा एकदा ओलांडला की पाटी-पेन्सिल फार लांब राहत नसे. शिवाय शिकलेल्या कामाचे चार पैसे हाती येत. कुणी शिक्षिका झाल्या, कुणी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. रमाबाई जानेवारी १९२४ मध्ये गेल्या, तेव्हा सेवासदनात हजारावर स्त्रिया शिकत होत्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता माझ्या लोकरीकडे येते. आपल्या जालन्याची थंडी थोड्या दिवसांची, पण पौषातल्या पहाटे तान्ह्या बाळाचे पाय गार पडतात. स्वेटर झाला की थोडी लोकर उरते. ती मी टाकीत नाही. जुना स्वेटर उसवला तर लोकरीची लडी करून कोमट पाण्यात भिजवते आणि सावलीत टांगते, म्हणजे वळ्या जातात. बाळाच्या मोज्यांच्या जोडीला वीस-पंचवीस ग्रॅम लोकर पुरते. आरंभीच गुंडा तराजूत घालून दोन सारखे भाग करावेत. मी पहिल्यांदा तसे केले नाही आणि एक मोजा पुरा होऊन दुसरा टाचेशीच अडला. रंग निरनिराळे चालतील, पण जाडी सारखी हवी. मोठ्यांच्या मोज्यांत टाच आणि बोटांचा भाग आधी विरतो, म्हणून तेथे लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक दोरा घ्यावा. त्याहूनही थोडी लोकर उरली तर टोपीचा गोंडा होतो. घरात वाया असे काही जात नाही, याचा मला फार अभिमान होता.

त्या अभिमानाविषयीच खरे सांगायचे आहे. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला मी वाण म्हणून लहान मुलांचे लोकरीचे मोजे लुटले. सहा महिने खपून चौदा जोड केले होते. गल्लीतल्या प्रत्येक घरी आमंत्रण केले, फक्त एक दार सोडले. त्या घरची सून आदल्या वर्षी विधवा झाली होती. तिच्या कडेवर वर्षाचे मूल होते. हळदीकुंकवाला तिला कसे बोलवावे, असे माझ्या मनात आले, आणि मी पुढच्या दारी गेले. संध्याकाळी एक जोड उरला. तो मी पेटीत ठेवून दिला.

रमाबाईंचे चरित्र वाचताना तो जोड माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ज्या बाईने शेकडो घरांतल्या बायकांना आधार दिला, ती स्वतः विधवाच होती. माझ्या दारात त्या असत्या, तर मी त्यांनाही वगळले असते. लोकरीचा वीतभर धागा जपणाऱ्या मला एक माणूस मात्र टाकून देता आले.

मागच्या आषाढात मी तो जोड घेऊन तिच्या घरी गेले. मुलाचे पाऊल मोठे झाले होते, मोजे चढले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने मात्र मोजे उलटसुलट करून टाच पाहिली आणि ती कशी वळवली ते विचारले. आता दर गुरुवारी दुपारी ती माझ्याकडे विणायला येते. तिचा हात माझ्याहून सफाईचा आहे. श्रावणापासून तिने सहा जोड विकले. ते पैसे कशाला लावायचे हे तिचे तिने ठरवले आणि मीही विचारले नाही.

रमाबाईंचा जन्मदिवस २५ जानेवारी, म्हणजे पुष्कळदा आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांतच येतो. मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे की, येत्या वर्षी त्या दिवशी आपण तिळगूळ ठेवावा, विणकामाची बैठक ठेवावी आणि आमंत्रण करताना एकही दार सोडू नये. कुंकू ज्या लावतील त्यांनी लावावे. तिळगूळ आणि वाण मात्र सगळ्यांना एकच असावे. उरलेली लोकर घरोघरी आहेच. ती सगळ्यांनी घेऊन यावी. दुसरा मोजा अडला, तर कुणाच्या तरी पिशवीत त्या जाडीची लोकर निघेलच.

लिहिण्यात चुकले असेल ते सांभाळून घ्यावे.