कॉर्डेल हल

कॉर्डेल हल (जन्म : २ ऑक्टोबर १८७१, मृत्यू : २३ जुलै १९५५) हे अमेरिकेचे राजकारणी व मुत्सद्दी होते. मार्च १९३३ ते नोव्हेंबर १९४४ असे सलग पावणेबारा वर्षे ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. या पदावर इतका दीर्घ काळ अन्य कोणीही राहिलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षास व्यापार करार करण्याचा व त्यानुसार आयात शुल्क बदलण्याचा अधिकार देणारा १९३४ चा कायदा हे त्यांचे प्रमुख कार्य मानले जाते.

प्रारंभिक जीवन

हल यांचा जन्म टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात एका ओंडक्यांच्या घरात झाला. त्यांचे वडील शेती व इमारती लाकडाचा व्यापार करीत. हल यांनी १८९१ मध्ये कायद्याची पदवी घेतली. पुढे ते राज्य विधिमंडळाचे सदस्य झाले व काही काळ न्यायाधीशही होते. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या वेळी त्यांनी सैन्यात कॅप्टन म्हणून सेवा केली.

संसदीय कारकीर्द

डेमोक्रॅटिक पक्षातर्फे हल १९०७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) प्रतिनिधिगृहात दाखल झाले. १९२१ ते १९२३ हा काळ वगळता ते १९३१ पर्यंत तेथे होते व त्यानंतर सेनेटवर गेले. १९१३ च्या शुल्क कायद्यातील प्राप्तिकराची कलमे त्यांनी तयार केली. सरकारचा खर्च आयात शुल्काऐवजी प्राप्तिकरातून भागावा, अशी त्यांची भूमिका होती. चढे शुल्क गरिबांना महागाईत लोटते आणि राष्ट्राराष्ट्रांत वैर वाढवते, असे त्यांचे मत पहिल्या महायुद्धाच्या काळात दृढ झाले.

१९३४ चा कायदा

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार आयात शुल्क ठरविण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. प्रत्येक सदस्य आपल्या मतदारसंघातील मालाला संरक्षण मिळवू पाहत असल्याने शुल्काचे दर वाढत जात. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने हे दर फार वर नेले. त्याला उत्तर म्हणून इतर देशांनीही शुल्क वाढविले आणि महामंदीत जागतिक व्यापार आणखी आक्रसला.

हल यांच्या आग्रहाने मांडलेल्या परस्पर व्यापार करार कायद्यावर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १२ जून १९३४ रोजी स्वाक्षरी केली. त्यानुसार करारातील सवलतींच्या बदल्यात राष्ट्राध्यक्षास प्रचलित शुल्कात ५० टक्क्यांपर्यंत बदल करता येई. प्रत्येक करार काँग्रेसकडे मंजुरीसाठी पाठविण्याची गरज उरली नाही. मात्र अधिकाराची मुदत तीन वर्षांची होती, करारापूर्वी जाहीर सूचना देऊन संबंधितांचे म्हणणे ऐकणे बंधनकारक होते आणि शुल्कमुक्त मालावर नव्याने शुल्क लावता येत नसे.

पहिला करार ऑगस्ट १९३४ मध्ये क्यूबाशी झाला. त्यानंतर १९३५ मध्ये कॅनडाशी व १९३८ मध्ये ब्रिटनशी करार झाले. एका देशाला दिलेली सवलत सर्वाधिक अनुग्रहित राष्ट्र या तत्त्वानुसार इतर देशांनाही मिळे. सरकारचे व्यापार सल्लागार जॉर्ज पीक यांना हे तत्त्व मान्य नव्हते. प्रत्येक देशाशी स्वतंत्र देवाणघेवाणीचा सौदा करावा, असे त्यांचे मत होते. अखेर ते १९३५ मध्ये सरकारमधून बाहेर पडले. करआकारणीचा अधिकार कार्यकारी मंडळाच्या हाती देणे घटनाबाह्य आहे, हा विरोधकांचा आक्षेप प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी पुन्हा उपस्थित झाला. तरीही १९३७, १९४० व १९४३ मध्ये कायद्याची मुदत वाढविण्यात आली.

युद्धकाळ व अखेर

नोव्हेंबर १९४१ मध्ये जपानशी झालेल्या अखेरच्या वाटाघाटी हल यांनी केल्या. १९३९ मध्ये सेंट लुईस या जहाजातील नऊशेहून अधिक ज्यू निर्वासितांना अमेरिकेत प्रवेश न मिळाल्याबद्दल त्यांच्या खात्यावर टीका होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या उभारणीतील कार्यासाठी त्यांना १९४५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. प्रकृती ढासळल्यामुळे ते स्वीकारण्यासाठी ते ओस्लोला जाऊ शकले नाहीत. वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

१९४७ मध्ये भारतासह २३ देशांनी केलेल्या गॅट करारात अमेरिकेने दिलेल्या सवलती याच कायद्याच्या १९४५ मधील मुदतवाढीच्या आधारे होत्या. १९६२ मध्ये नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. शुल्काव्यतिरिक्त अन्य अडथळ्यांसंबंधीच्या करारांना १९७४ च्या कायद्यानुसार काँग्रेसची मंजुरी आवश्यक ठरली.