जयपूरचा इशारा, नागोरचा घात

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारातून जाताना दुकानांच्या माथ्यावर एक सात मजली मनोरा दिसतो. ईसरलाट किंवा सरगासूली या नावाने तो ओळखला जातो. सचिवालयात, बँकेत, लष्करी छावणीत किंवा एखाद्या जवाहिऱ्याच्या पेढीवर नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी माणसाने तो अनेकदा पाहिलेला असतो. परंतु त्याचा आपल्या इतिहासाशी असलेला संबंध त्याला सहसा कोणी सांगत नाही. राजा ईश्वरीसिंह याने राजमहलच्या लढाईतील विजयाच्या स्मरणार्थ १७४९ मध्ये हा मनोरा उभारला आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात, मराठी फौज शहराजवळ येऊन ठेपली असता, आत्महत्या केली. त्यानंतर महिनाभराच्या आतच याच तटबंदीत जे घडले, तो जयाप्पा शिंदे या सरदाराला मिळालेला इशारा होता. साडेचार वर्षांनी नागोरजवळ, स्वतःच्या भर छावणीत, त्याचा खून झाला. भोवती हजारोंची फौज असताना मारेकरी आत पोहोचतो कसा, हा प्रश्न आजही प्रत्येक राजधानीला पडतो. या दोन घटना जोडून वाचल्या, तर त्याचे बरेचसे उत्तर हाती लागते.

साताऱ्याकडील कण्हेरखेडचे हे घराणे. राणोजी शिंदे याने पहिल्या बाजीरावाच्या चाकरीत नाव मिळवले आणि माळव्यात घराण्याचा पाया घातला. १७४५ मध्ये राणोजी वारला आणि सरदारकी थोरला मुलगा जयाप्पा याच्याकडे आली. दत्ताजी आणि महादजी हे त्याचे धाकटे भाऊ पुढे त्याच्याहून अधिक गाजले. मात्र राणोजीच्या पश्चात घराणे सावरले ते जयाप्पाने. उत्तरेतील मराठी सत्ता त्या काळी प्रामुख्याने शिंदे आणि होळकर या दोन खांद्यांवर तोललेली होती. जयाप्पा शूर होता, शब्दाला पक्का होता आणि तितकाच हट्टी होता. एकदा धरलेली मोहीम अर्धवट सोडणे त्याला ठाऊक नव्हते. या गुणाने त्याला मोठे केले. शेवटी तोच त्याला भोवला.

सवाई जयसिंह १७४३ मध्ये निवर्तला. जगन्नाथ सम्राट आणि रत्नाकर पुंडरीक यांच्यासारख्या महाराष्ट्रीय पंडितांना दरबारी मानाने वागवणारा हा राजा. त्याच्या मागे मात्र ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या सावत्र भावांत गादीचा तंटा पेटला. माधोसिंह मेवाडच्या राजकन्येचा मुलगा. त्याच्या पाठीशी उदेपूर होते. दोन्ही पक्षांनी मराठ्यांची मदत मागितली आणि दोघांनीही पैशाची वचने दिली. मल्हारराव होळकर माधोसिंहाकडे झुकला, तर शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे होता. एकाच पेशव्याचे दोन सरदार दोन बाजूंना ओढत असल्यामुळे मराठ्यांचे धोरण काय, हे राजपुतांना अखेरपर्यंत कळले नाही. थकलेली खंडणी तेवढी त्यांना नेमकी कळली. ती वसूल करण्यासाठी १७५० च्या अखेरीस होळकराची फौज आली आणि ईश्वरीसिंहाने विष जवळ केले. माधोसिंह गादीवर बसला तो मराठ्यांच्याच जोरावर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जयाप्पाही येऊन पोहोचला आणि खंडणीसोबत राज्याच्या मोठ्या हिश्श्याची मागणी पुढे आली.

नव्या राजाने वरकरणी आदरसत्कार चालवला होता. मेजवानीच्या निमित्ताने सरदारांना विष घालण्याचा बेत असल्याचा संशय मराठी गोटात होता आणि जयाप्पा स्वतः त्या बाबतीत सावध राहिला. आपण शहरात जेवायला जायचे नाही, इतके त्याने ठरवले. पण आपल्या माणसांनी शहरात जायचे की नाही, हे मात्र कोणी ठरवले नाही. जयपूर तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे, आखीव रस्त्यांचे नवे शहर होते. १० जानेवारी १७५१ रोजी कित्येक हजार मराठे देवळे पाहावीत, बाजारहाट करावा म्हणून आत गेले. त्यांत साधे शिपाई होते, तसे नामांकित सरदारही होते. दुपारी वेशी बंद झाल्या आणि गल्लीबोळांतून कत्तल सुरू झाली. ती रात्री उशिरापर्यंत चालली. तटावरून उड्या टाकताना अनेकांचे हातपाय मोडले. मेलेल्यांचा त्या काळी सांगितला गेलेला आकडा सुमारे ३००० चा आहे. आसपासच्या खेड्यांतून मराठ्यांचे जासूदही मारले गेले. हे कृत्य जमावाचे, आपले नव्हे, अशी विनवणी माधोसिंहाने केली आणि नुकसानभरपाई देऊन प्रकरण मिटवले. थोड्याच दिवसांत वजीर सफदरजंगाच्या बोलावण्यावरून शिंदे-होळकर बंगश पठाणांवर चालून गेले आणि जयपूर मागे पडले.

त्या दिवसाने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. पहिली, या प्रदेशात मराठ्यांविषयीचा द्वेष दरबारापुरता उरला नव्हता. तो दुकानदारापासून खेडुतापर्यंत पोहोचला होता. दुसरी, रणांगणात न जिंकता येणाऱ्या शत्रूला बेसावध क्षणी गाठायचे, हा मार्ग येथे लोकांना मान्य झाला होता. पहिल्या गोष्टीवर उपाय राजकारणाचा होता, दुसरीवर शिस्तीचा. प्रत्यक्षात हिशेब झाला तो भरपाईच्या रकमेचा. छावणीत परक्याला कोठपर्यंत येऊ द्यायचे, सरदाराभोवती किती अंतर राखायचे, वाटाघाटीच्या दिवसांत पहारा सैल ठेवायचा की आवळायचा, याविषयी काही नवा नियम घातला गेल्याचे पुढच्या घटनांवरून तरी दिसत नाही. सरदाराने ताटातले विष टाळले, एवढ्यावरच सगळ्यांचे समाधान झालेले दिसते.

पुढचा प्रसंग मारवाडचा. जोधपूरच्या गादीसाठी रामसिंह आणि त्याचा चुलतभाऊ विजयसिंह यांच्यात झगडा होता. राज्य गमावलेला रामसिंह जयाप्पाच्या आश्रयाला आला होता. १७५४ च्या पूर्वार्धात जयाप्पा जाटांच्या कुंभेरीच्या वेढ्यात गुंतला होता. तेथे मल्हाररावाचा एकुलता मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाला. सुरजमल जाटाशी समेट करावा की त्याचा नायनाट करावा, यावरून शिंदे-होळकरांतले अंतर वाढले. त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर जयाप्पा मारवाडात उतरला. सप्टेंबरात मेडत्याजवळ त्याने विजयसिंहाचा पराभव केला. विजयसिंह नागोरच्या किल्ल्यात शिरला आणि जयाप्पाने जवळच तौसर येथे तळ देऊन वेढा घातला. याच काळात अजमेरही मराठ्यांच्या हाती आले.

किल्ला मात्र पडेना. वाळवंटाचा मुलुख, पाण्याची टंचाई, धान्याची ओढाताण आणि सरणारे महिने. प्रकरण तोडून मोकळे व्हावे, गंगा-यमुनेकडच्या मोठ्या कामाकडे वळावे, असा पेशव्याचा कल होता. जयाप्पाला ते पटले नाही. १७५५ चा जुलै उजाडला तेव्हा आठ-नऊ महिने एकाच जागी ठाण मांडून बसलेली ती छावणी छावणी राहिली नव्हती. ते एक गाव झाले होते. गावात कोण येतो, कोण जातो, हे कोणी विचारत नाही. दाणागोटा विकणारे, भिकारी, वकिलांसोबतची माणसे, निरोपे, सगळ्यांची ये-जा अंगवळणी पडलेली. त्यातच तहाची बोलणी सुरू होती. मेवाडच्या वतीने मध्यस्थी करणारा सलुंबरचा रावत जैतसिंह आणि विजयसिंहाकडचे वकील छावणीत ये-जा करीत होते.

मारेकरी कसे आले, याच्या दोन कथा आहेत. एका कथेप्रमाणे ते भिकाऱ्यांच्या वेशात आले आणि घोड्यांच्या पागेसमोर सांडलेले हरभऱ्याचे दाणे वेचीत बसले. मारवाडच्या लोककथेत ते वाण्यांच्या सोंगाने येतात. त्यांतील खोखर जातीच्या राजपुताचे नाव तेथील चारण-भाटांनी जिवंत ठेवले. तपशिलात फरक असला तरी मुद्दा एकच आहे. ज्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा वळून पाहत नाही, अशा माणसांचे रूप त्यांनी घेतले होते. जयाप्पा उघड्यावर स्नान करीत असे. ते आटोपून तो अंग पुसत असताना ते धावले आणि त्यांनी कट्यारी खुपसल्या. शरीररक्षकांचे हात शस्त्रांपर्यंत पोहोचले तेव्हा काम उरकले होते.

या अपयशात भ्याडपणा कोठेही नव्हता, हे नमूद करायला हवे. भोवतालची माणसे जिवाला जीव देणारी होती आणि मारेकऱ्यांवर ती तुटून पडली. उणीव होती ती त्याआधीच्या कित्येक दिवसांत. पागेसमोर बसलेल्याला उठवणे हे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नव्हते. सरदाराची स्नानाची जागा आणि वेळ साऱ्या छावणीला पाठ होती. आणि स्वतः सरदारालाच आडपडदा नको होता. आपल्या माणसांत मोकळेपणाने वावरणारा नेता शिपायांना प्रिय होतो. परंतु त्याचा हा मोकळेपणा पहारेकऱ्याचे हात बांधतो. धन्याला अडवून दोन शब्द सुनावण्याचा अधिकार ज्या पहाऱ्याला नाही, तो पहारा मुख्यतः शोभेचा असतो.

पुढची चूक संतापाची. खुनाची वार्ता पसरताच छावणीतील राजपुतांवर हत्यार चालले आणि मध्यस्थ म्हणून आलेला रावत जैतसिंह त्यात मारला गेला. जो माणूस तह घडवू पाहत होता, त्याचाच बळी घेऊन मराठ्यांनी मेवाडशी उरलेला दुवाही दुखावला. दत्ताजीने भावाचे दुःख गिळून वेढा चालू ठेवला. जयाप्पाचा अल्पवयीन मुलगा जनकोजी याच्या नावे सरदारकी राहिली. जयपूरच्या माधोसिंहाने विजयसिंहाच्या मदतीला फौज धाडली, तीही दत्ताजीने परतवली. १७५६ च्या आरंभी विजयसिंह शरण आला. पन्नास लाखांचा दंड ठरला आणि अजमेर मराठ्यांकडे कायम झाले. जयाप्पाच्या शिराची ही भरपाई राजस्थानात मुंडकटी म्हणून ओळखली गेली. पुन्हा एकदा हिशेब रकमेत झाला. पाच वर्षांनी पानिपतावर मराठे अब्दालीसमोर उभे ठाकले तेव्हा जयपूर आणि जोधपूर दोन्ही तटस्थ राहिले. त्या तटस्थतेला इतर कारणेही होती, परंतु १७५१ आणि १७५५ या दोन वर्षांच्या आठवणी त्यांत निश्चितच होत्या.

जयपूरने असा प्रसंग पुढे आणखी एकदा पाहिला. ४ जून १८३५ रोजी इंग्रजांचा राजपुतान्यातील एजंट मेजर आल्व्हिस राजवाड्यातील भेट आटोपून निघत असता त्याच्यावर तलवारीचे वार झाले. तो जखमी होऊन वाचला. त्याचा सहाय्यक मार्टिन ब्लेक मागाहून हत्तीवर बसून त्याच शहरातून निघाला. जमावाने त्याला गाठले आणि देवळाच्या आश्रयाला गेला असता ठार केले. पहिला हल्ला हा दुसऱ्याचा इशारा असतो, हे तेव्हाही कोणी ओळखले नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लासमध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या ताफ्यात रक्षकांची वाण नव्हती. मात्र गाडी उघडी होती, मार्ग आधीच जाहीर झालेला होता, रस्त्याकडेच्या इमारती तपासण्याची प्रथा नव्हती आणि पहिल्या गोळीनंतर गाडीचा वेग वाढण्याऐवजी मंदावला. मागच्या गाडीवरून धावत पोहोचलेला एकमेव रक्षक क्लिंट हिल अखेरची गोळी लागल्यावरच तेथे पोहोचू शकला. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांच्यापर्यंत मृत्यू आला तो हार घालण्याच्या निमित्ताने. पागेसमोरचे हरभरे आणि हातातला हार यांत सव्वादोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. रीत तीच आहे.

राजधानीत बंदोबस्ताच्या फायली हाताळणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. ताफ्यातील गाड्या मोजणे सोपे असते, कारण त्या दिसतात. रोजच्या ओळखीमुळे न तपासलेला माणूस, सवयीने ठरून गेलेली वेळ आणि नेत्याला नाही म्हणू न शकणारा शिपाई कोणत्याही यादीत येत नाहीत. त्याहून अवघड गोष्ट फायलीच्या बाहेर असते. ज्या प्रदेशात वसुलीखेरीज दुसरे नाते जोडले गेले नाही, तेथे कितीही कडक पहारा द्वेषाला फार तर उशीर करतो. जयाप्पाच्या रक्षकांचे चुकले, यात शंका नाही. परंतु त्यांच्या वाट्याला आलेले काम कोणत्याही रक्षकाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यातला मोठा भाग पुण्याच्या दरबाराचा आणि खुद्द सरदाराचा होता.

नागोरजवळ तौसरला जयाप्पाची छत्री आहे. जयपूरच्या मराठी माणसाने सुटीच्या दिवशी पुष्कर-अजमेरची वाट धरली, तर थोडी पुढे ही जागाही पाहून यावी. परतताना त्रिपोलियाचा तो मनोरा पुन्हा दिसेल. ज्याचा मनोरा आणि ज्याची छत्री, ते दोघेही एकाच खंडणीच्या राजकारणाचे बळी होते, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.