गुप्तरोग समजून पारा दिला जायचा, पण पर्सिव्हल पॉट यांनी खरा गुन्हेगार शोधला : काजळी

१८व्या शतकातलं लंडन. घरोघरी कोळशाच्या शेगड्या आणि छपरावर धुराडी. ही धुराडी साफ कोण करायचं? गरिबाघरची पाच-सहा वर्षांची पोरं. अरुंद, गरम धुराड्यात त्यांना वर चढवलं जायचं.

हीच पोरं मोठी झाली की त्यातल्या काहींच्या अंडकोषाच्या कातडीवर चामखिळीसारखी गाठ यायची. पुढे तिची जखम व्हायची. जागाच अशी, की रोगी आणि डॉक्टर दोघंही समजायचे, हा गुप्तरोग! मग पाऱ्याची औषधं सुरू व्हायची आणि दुखणं आणखी चिघळायचं.

हा गैरसमज खोडून काढला सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी.

पॉट यांचा जन्म १७१४ चा, लंडनमधलाच. वडील लहानपणीच गेले. १५व्या वर्षी ते एडवर्ड नोर्स या सर्जनच्या हाताखाली शिकायला लागले आणि १७४९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये सर्जन झाले.

१७५६ मध्ये ते घोड्यावरून पडले. पायाचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. कसंही उचललं तर पाय जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिथंच एक दार विकत घेतलं आणि त्यावर झोपून घरी गेले. पाय कापायची तयारी झाली होती, पण गुरू नोर्स यांनी तो वाचवला. त्या सक्तीच्या विश्रांतीत पॉट लिहू लागले, ते कायमचेच.

१७७५ मध्ये त्यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या या दुखण्यावर लिहिलं. त्यांनी रोग्याचं चारित्र्य नाही, धंदा बघितला. कातडीच्या सुरकुत्यांत वर्षानुवर्षे काजळी साचते आणि तिथेच कॅन्सर होतो, असं त्यांनी मांडलं. गाठ सुरुवातीलाच कापून काढा, हा त्यांचा सल्ला होता. कामामुळे कॅन्सर होतो हे दाखवणारी ही पहिली मोठी नोंद मानली जाते.

पॉट १७८८ मध्ये वारले. त्याच वर्षी ८ वर्षांखालच्या मुलांना या कामाला बंदी करणारा कायदा झाला, पण तो कागदावरच राहिला. प्रथा मोडायला १८७५ चा कायदा यावा लागला. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर लावून कॅन्सर होतो हे सिद्ध केलं.

आज पुरुषांच्या गुप्तांगावर येणाऱ्या चामखिळीमागे बहुतेकदा एचपीव्ही विषाणूचे ६ आणि ११ हे प्रकार असतात. त्यांचा सहसा कॅन्सर होत नाही. १६ नंबरचा प्रकार मात्र कॅन्सर करू शकतो. कुठली गाठ साधी आणि कुठली धोक्याची, हे घरी आरशात बघून कळत नाही.

त्या पोरांचा घात काजळीने केला, तसाच चुकीच्या अंदाजानेही. म्हणून अशी गाठ दिसली तर लाजेपोटी लपवू नका, मेडिकलमधून मलम आणून लावू नका. सरळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.