पेटीतून निघालेला जॅझ

शिवडी म्हटले की आजच्या मुंबईकराच्या डोळ्यांपुढे दलदलीत उतरणारे रोहित पक्षी आणि खाडीवरून न्हावाशेव्याकडे जाणारा अटल सेतू उभा राहतो. कापसाची गोदामे आणि गोदीचे रस्ते आठवणारी पिढी आता थकली. याच शिवडीत एकेकाळी सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मुव्हिटोनचा स्टुडिओ होता, हे तर फारच थोड्यांच्या स्मरणात असेल. अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. योगायोग असा की, १२ जानेवारी हीच त्या स्टुडिओतील एका पेटीवाल्याची जन्मतारीख. तो पेटीवाला पुढे सी. रामचंद्र या नावाने देशभर गाजला. हिंदी चित्रपटगीतात जॅझ रुजवणारा संगीतकार म्हणून त्याचे कौतुक झाले आणि नेमक्या त्याच कारणासाठी त्याला नावेही ठेवली गेली.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. नागपूरला शंकरराव सप्रे आणि पुण्याला विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी गाण्याची तालीम घेतली. म्हणजे घडण सारी पलुस्करी शिस्तीची. मात्र चित्रपटात ते आले ते नायक म्हणून. १९३५ सालच्या 'नागानंद'मध्ये त्यांनी प्रमुख भूमिका केली, पण त्या भूमिकेतून अभिनयाची वाट काही उघडली नाही. मग मिनर्व्हाच्या 'सैद-ए-हवस' (१९३६) आणि 'आत्मतरंग' (१९३७) या चित्रपटांत किरकोळ कामे मिळाली. तिथेच ते संगीत विभागाकडे वळले आणि बुंदू खाँ व हबीब खाँ यांच्या हाताखाली पेटीची साथ करू लागले. फसलेला नट पेटीवर बसला, ही घटना तेव्हा कोणाच्या लक्षात राहण्याजोगी नव्हती.

पेटी हे वाद्य त्या काळी तसे उपेक्षितच होते. युरोपातून आलेले, हवेच्या भात्यावर वाजणारे, सप्तकाचे बारा स्वर समान अंतरावर पक्के बांधलेले. मींड घ्यायची सोय नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत, म्हणून शुद्धतावादी तिच्यावर नाराज. आकाशवाणीने तर १९४० साली पेटीवर बंदीच घातली आणि ती पुढे तीसेक वर्षे कायम राहिली. पण जो तिचा दोष मानला गेला, तोच या तरुणाच्या कामी आला. पियानो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट ही वाद्ये त्याच समान बारा स्वरांच्या जगातली. त्यामुळे काळी एक, पांढरी चार अशा पट्ट्यांत विचार करणाऱ्या पेटीवाल्याला पाश्चात्य वाद्यवृंदाशी जुळवून घेताना सारंगियाला पडावेत तसे कोडे पडत नव्हते. सी. रामचंद्र यांच्याविषयी बोलताना त्यांच्या बंडखोर स्वभावाचे दाखले हौसेने दिले जातात. त्यांच्या पेटीकडे मात्र दुर्लक्ष होते.

जॅझ मुंबईत आला तोही याच सुमारास. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ यांचा ट्रम्पेट आणि टेडी वेदरफर्ड यांचा पियानो तिथे वाजू लागला. अपोलो बंदर ते शिवडी हे अंतर काही मैलांचे. पण ताजच्या नृत्यगृहात जाऊन बसणे स्टुडिओतील पेटीवाल्याच्या पगारात मावणारे नव्हते. तो जॅझ शिवडी, दादर, परळच्या स्टुडिओंपर्यंत पोहोचला तो गोवेकर वादकांच्या बोटांतून.

या वादकांची हकीकत स्वतंत्र लेखाची धनी आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात चर्चशी संलग्न संगीतशाळा गावोगावी होत्या. तिथे मुले लहानपणीच पाश्चात्य स्वरलेखन वाचायला शिकत. पोटासाठी मुंबईत आलेले हे तरुण रात्री हॉटेलांत नाचाचे संगीत वाजवत आणि दिवसा स्टुडिओत. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतील रात्री सुन्या पडल्या आणि चित्रपटाचे काम हाच त्यांचा मोठा आधार ठरला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले अग्रणी. 'चिक चॉकलेट' या नावाने ते ओळखले जात आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्यांचा ट्रम्पेट प्रसिद्ध होता. सी. रामचंद्र यांनी त्यांना आणि जॉनी गोम्स यांना साहाय्यक म्हणून जवळ केले. कामाची रीत साधी होती. अण्णा पेटीवर मुखडा बांधत, स्वतः गाऊन दाखवत. गोवेकर साहाय्यक तो कागदावर उतरवून घेत, त्याला सुरावटींची जोड देत आणि प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाट्याचा कागद ठेवत. चाल अण्णांची असे, पण तिचा पेहराव शिवणारे हात दुसऱ्यांचे असत. हे हात श्रेयनामावलीत क्वचितच दिसत. तबकडीवर तर त्यांना जागाच नव्हती.

संगीतकार म्हणून सी. रामचंद्र यांनी प्रारंभ केला तो १९४१ च्या सुमारास दोन तमिळ चित्रपटांपासून. हिंदीत पहिली संधी दिली मास्टर भगवान यांनी, १९४२ च्या 'सुखी जीवन'मध्ये. भगवान हे गिरणी कामगाराचे पुत्र, स्वतः मजुरी केलेले. कमी भांडवलाचे मारधाडीचे चित्रपट काढणारा हा दिग्दर्शक आणि हा पेटीवाला यांची गट्टी जमली. त्या चित्रपटांसाठी अण्णा राम चितळकर असे नाव लावत. गायक म्हणून ते नुसते 'चितळकर' राहिले.

खरा स्फोट झाला तो १९४७ साली, फिल्मिस्तानच्या 'शहनाई'ने. प्यारेलाल संतोषी यांच्या त्या चित्रपटातील रविवारचे गाणे गल्लोगल्ली पोहोचले. त्यात आल्टो सॅक्सोफोन होता, गिटार होती, माउथ ऑर्गन होता आणि चक्क शीळही होती. दोन वर्षांनी 'पतंगा'तील रंगूनच्या टेलिफोनचे गाणे आले, त्यात शमशाद बेगम यांच्यासोबत खुद्द चितळकर होते. 'समाधी'त (१९५०) लॅटिन अमेरिकी ठेका आला. साहजिकच टीकाही आली. हे उथळ आहे, उसने आहे, आपले नाही, असे म्हटले जाऊ लागले. १९५२ मध्ये नभोवाणी खाते सांभाळू लागलेले बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. तिकडे श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. केसकरही मराठी आणि अण्णाही मराठी. एकाच संगीतपरंपरेच्या अभिमानातून दोघांनी काढलेले निष्कर्ष मात्र टोकाचे वेगळे.

टीकाकारांचा आक्षेप किती खरा होता, हे पाहायचे तर 'अलबेला' (१९५१) पुन्हा ऐकावा. भगवान यांनी आपली सारी पुंजी लावून काढलेल्या या चित्रपटात बाँगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांचा जल्लोष आहे. पडद्यावर चिक चॉकलेट स्वतः आपल्या वादकांसह दिसतात. लालबाग-परळच्या मिरवणुकांत ज्या संथ, डौलदार पावलांवर पुढे पिढ्या नाचल्या, ती पावले भगवान यांची आणि ठेका अण्णांचा. पण त्याच चित्रपटात लताबाईंच्या आवाजातील एक अंगाईगीत आहे. ते पिलूच्या अंगाने जाते, आणि त्यात वाद्ये जणू श्वास रोखून बसली आहेत. पेटीत नसलेली मींड अण्णांना या आवाजात सापडली होती. ज्याला केवळ ठेका येतो त्याला अशी अंगाई सुचत नाही. उसनवारीचा आरोप काही गाण्यांपुरता खरा असेलही. संगीतकाराच्या कुवतीवर तो लागू पडत नाही.

पुढील दोन-चार वर्षांत हे अधिकच स्पष्ट झाले. 'अनारकली' (१९५३) मध्ये जॅझचा लवलेश नाही. 'आझाद' (१९५५) चे संगीत त्यांनी अवघ्या काही आठवड्यांत हातावेगळे केल्याची कथा चित्रपटसृष्टीत आजही सांगितली जाते. ती गाणी ऐकताना घाईची खूण कुठे दिसत नाही. याच काळात त्यांनी निर्माता होण्याचाही घाट घातला. न्यू साई प्रॉडक्शन्स या संस्थेतर्फे 'झांझर', 'लहरें' आणि 'दुनिया गोल है' असे तीन चित्रपट काढले. तो उद्योग फार काळ चालला नाही.

१९५७ हे वर्ष मात्र लक्षात ठेवण्याजोगे. त्या वर्षी 'आशा'मध्ये निरर्थक शब्दांचे, रॉक अँड रोलच्या वळणाचे एक गाणे आले. मुलांच्या खेळातल्या बडबडीवरून ते सुचले आणि त्यातले काही बोल जॉनी गोम्स यांनी कोंकणीतून पुरवले, असे सांगितले जाते. किशोरकुमार यांनी ते अशा काही मस्तीत म्हटले की आजही लग्नाच्या हॉलमध्ये ते वाजले की आजोबा उठून उभे राहतात. आणि त्याच वर्षी सोहराब मोदी यांचा 'नौशेरवान-ए-आदिल' प्रदर्शित झाला. मिनर्व्हाच्या त्या चित्रपटाला संगीत सी. रामचंद्र यांचे होते. ज्या संस्थेत वीस वर्षांपूर्वी ते दुसऱ्यांच्या चालींवर पेटी धरत, तिच्याच चित्रपटावर आता संगीतकार म्हणून त्यांचे नाव झळकले. ती गाणी उर्दू नजाकतीची, संथ आणि घरंदाज आहेत.

त्यानंतर उतार सुरू झाला. लता मंगेशकर यांच्याशी त्यांचे बिनसले आणि दोघांचे काम थांबले. कारणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे न लिहिले असते तरी चालले असते. संगीताच्या दृष्टीने पाहिले तर नुकसान उघड होते. ज्या आवाजाच्या भरवशावर ते चाल बांधत, तोच हातचा गेला. 'नवरंग' (१९५९) आणि 'स्त्री' (१९६१) हे व्ही. शांताराम यांचे चित्रपट त्यांनी सजवले, पण पूर्वीचा ओघ राहिला नव्हता. मग २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीनच्या युद्धाची जखम ताजी असताना, कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगो' लताबाईंनी पंतप्रधान नेहरूंसमोर गायिले. चाल सी. रामचंद्र यांची होती. ज्यांच्यावर उथळपणाचा शिक्का मारला गेला, त्यांच्याच चालीवर राष्ट्राने अश्रू ढाळले. दर प्रजासत्ताक दिनाला हे गीत वाजते तेव्हा गायिका आठवते, कवीही आठवतो. संगीतकाराचे नाव सांगताना मात्र अनेकांना क्षणभर थांबावे लागते. स्वतःच्या वादकांच्या वाट्याला जे आले, त्याचा थोडा अनुभव अण्णांनाही असा मिळाला.

उत्तरायुष्यात ते मराठीकडे वळले. ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीतगोपाल'ला त्यांनी चाली दिल्या. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे मराठी चित्रपट त्यांनी स्वतः काढले, त्यांत कामही केले. 'घरकुल'मध्ये सुरेश भट यांच्या शृंगारगीताला आशा भोसले यांच्या आवाजात त्यांनी जी चाल दिली, तिच्यात पन्नाशी उलटलेल्या संगीतकाराचा थकवा शोधूनही सापडत नाही. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. स्पष्टवक्तेपणामुळे त्यावरही वाद झडले.

५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले. चिक चॉकलेट त्यांच्या आधी, १९६७ मध्येच गेले होते. मास्टर भगवान २००२ पर्यंत जगले.