इंदूरच्या महाराजांची केशरी मोटार

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी : वेरूळच्या घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकाला होळकर हे नाव नवे नाही. अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हे येथील शाळकरी मुलेही जाणतात. अहिल्याबाईंच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच गादीवर आलेले यशवंतराव होळकर दुसरे मात्र महाराष्ट्राच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले आहेत. युरोपातील कलासंग्राहक आणि अमेरिकेतील जुन्या मोटारींचे शौकीन त्यांचे नाव आजही आदराने घेतात. त्याचे एक कारण म्हणजे १९३५ ची एक केशरी-काळ्या रंगाची मोटार.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूर येथे झाला. त्यांचे वडील तुकोजीराव तिसरे यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला होता आणि त्या प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले होते. सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर असा कलंकित मुकुट आला. इंग्लंडमध्ये चार्टरहाउस शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डला त्यांचे शिक्षण झाले. कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १९३० मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा महाराज अवघे एकवीस वर्षांचे होते.

ऑक्सफर्डच्या दिवसांतच जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याशी त्यांचा परिचय झाला. त्यातून इंदूरचा माणिकबाग राजवाडा उभा राहिला. झुंबरे, सोनेरी महिरपी, वाघाची कातडी यांना तेथे थारा नव्हता. काच, धातू, सरळ रेषा आणि पॅरिसच्या नामवंतांनी घडवलेले फर्निचर असा तो सारा मामला होता. रुमेनियाचे शिल्पकार ब्रांकुशी यांच्याकडून महाराजांनी अवकाशातील पक्षी या शिल्पाच्या तीन प्रती घेतल्या. पक्षी म्हणजे केवळ त्याचे उड्डाण, पंख-चोच काही नाही, अशी ती कल्पना. ज्याला हे शिल्प भावले, त्याला मोटारही तशीच हवी असणार, हे उघड आहे.

ती मोटार म्हणजे अमेरिकेची ड्युसेनबर्ग. जर्मनीत जन्मलेले फ्रेड आणि ऑगस्ट हे दोघे बंधू शर्यतीच्या गाड्या बनवत या धंद्यात मोठे झाले. १९२८ च्या अखेरीस त्यांनी जे ही मोटार सादर केली. एका ओळीत आठ सिलिंडर, ६.९ लिटरचे इंजिन, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आजच्या मोटारींच्या जाहिरातीत मिरवली जाणारी ही रचना तेव्हा रस्त्यावरच्या गाडीत क्वचितच आढळे. कंपनी २६५ अश्वशक्तीचा दावा करीत असे.

येथे थोडे तांत्रिक विवेचन करणे भाग आहे. वाळूजच्या आसमंतात दुचाकीच्या सुट्या भागांवर ज्यांचा संसार उभा राहिला, त्यांना ते जड जाऊ नये. स्कूटर आधी तिरपी करायची आणि मग किक मारायची, ही सवय ज्या पिढीच्या अंगी मुरली, तिला कार्बुरेटर शिकवावा लागत नाही. आत ओढली जाणारी हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिचा दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर येते. तेथून हे मिश्रण प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोहोचवणारी नळ्यांची जोडणी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. एका सिलिंडरच्या स्कूटरला त्याची फारशी चिंता नसते. एका रांगेत आठ सिलिंडर असले की मात्र पंगतीतल्या वाढप्यासारखी गत होते. मधल्यांच्या ताटात भरपूर पडते आणि टोकाच्यांपर्यंत पोहोचेस्तोवर भांडे रिकामे होते. नळी रुंद केली, तर संथ गतीत हवा मंदावते आणि पेट्रोल थेंबाथेंबाने भिंतीला चिकटते. अरुंद केली, तर वेगात इंजिनाचा श्वास कोंडतो. एका बाजूला सुधारावे तर दुसरीकडे बिघडते, असा हा तिढा आहे.

ड्युसेनबर्ग बंधूंनी त्यावर दोन उत्तरे काढली. पहिले १९३२ चे. कार्बुरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये सुपरचार्जर बसवायचा, म्हणजे झपाट्याने फिरणारा पंखा मिश्रण नुसते वाढत नाही, तर दाबून भरतो. ही एसजे मोटार. तिची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली गेली. बॉनेटच्या कडेने बाहेर येणाऱ्या चकचकीत एक्झॉस्ट नळ्या ही तिची खूण ठरली. पुढे सुपरचार्जर नसलेल्या गाड्यांनाही हौसेखातर तशा नळ्या बसवून घेणारे निघाले, तो भाग वेगळा. दुर्दैव असे, की त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात एसजे चालवत असताना फ्रेड यांना अपघात झाला आणि काही आठवड्यांतच ते निवर्तले.

दुसरे उत्तर धाकटे बंधू ऑगस्ट यांचे. एकाऐवजी दोन कार्बुरेटर आणि त्यांच्यासाठी दोन बाजूंना वळलेला मॅनिफोल्ड. आकारावरून त्याला मेंढ्याची शिंगे असेच नाव पडले. धनगर कुळातील मल्हाररावांच्या वंशजाने ते ऐकले असेल, तर त्याला गंमत वाटली असेल. या जोडणीने शक्ती चारशे अश्वशक्तीपर्यंत गेली. १९३५ मध्ये युटा राज्यातील मिठाच्या मैदानावर अ‍ॅब जेन्किन्स यांनी खास बांधलेली ड्युसेनबर्ग चोवीस तास पळवली, तेव्हा सरासरी वेग ताशी सुमारे २१८ किलोमीटर पडला. हॉलिवूडचे गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल यांच्यासाठी आखूड चासीच्या दोन गाड्याही याच शिंगांच्या बनल्या.

यशवंतरावांनी मागवली ती सुपरचार्जरची एसजे, पण लांब चासीची. दोन चाकांच्या आसांतील अंतर जवळपास चार मीटर. चासी लंडनला गेली आणि तेथे गर्नी नटिंग या कारागिरांनी तिच्यावर उघडी, दोन आसनांची, मागे निमुळती होत जाणारी बॉडी चढवली. एवढ्या लांबीत बसायची सोय दोघांचीच! उपयुक्ततेच्या कोणत्याही हिशेबात न बसणारी ही मोटार नजरेला मात्र ब्रांकुशीच्या पक्ष्याइतकीच निखळ वाटते.

ही निवड शहाणपणाची होती काय? मंदीच्या त्या काळात नुसत्या चासीसाठी कंपनी साडेआठ हजार डॉलरहून अधिक घेत असे आणि इंदुरात हजारो गिरणी कामगार राबत होते. तो पैसा संस्थानाचा होता, हे नजरेआड करता येत नाही. याच महाराजांनी १९३८ मध्ये संस्थानातील मंदिरे दलितांना खुली केली, हेही तितकेच खरे. यंत्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांची निवड चुकली असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटत नाही. त्यांना मिठाच्या मैदानावर विक्रम करायचा नव्हता. आग्रा रोडवर उन्हाळ्यात, धुळीतून आणि बैलगाड्यांमधून जाणाऱ्या मोटारीला चोवीस तास टिकणाऱ्या कमाल वेगापेक्षा मधल्या वेगातला जोर हवा असतो. दोन कार्बुरेटरची जोडी एकसारखी लावणे हे नाजूक काम आहे. त्यातला एक जरा जरी मागेपुढे झाला, तरी इंजिन लंगडू लागते.

आज जुनी स्पोर्ट्स कार जिवंत करणाऱ्यापुढे हाच पेच असतो. मूळचे एक कार्बुरेटर काढून मोठे जोडकार्बुरेटर बसवण्याचा मोह अनेकांना होतो. मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्ट तेच ठेवून नुसते कार्बुरेटर वाढवले, तर पेट्रोल अधिक जळते आणि गाडी सिग्नलवर बंद पडते. त्यात आता इथेनॉलमिश्रित पेट्रोल आले आहे. त्याने मिश्रण विरळ होते आणि जुने रबरी भाग खराब होतात, त्यामुळे जेट मोठे घेणे आणि रबर बदलणे आधी पाहावे लागते. अमेरिकेत तर साध्या जे मोटारींना मागाहून सुपरचार्जर चढवण्याची प्रथाच पडली. त्यामुळे मुळातल्या एसजे कोणत्या, हे ठरवताना जाणकारांना जुन्या नोंदी चाळाव्या लागतात.

महाराजांच्या आयुष्यातील बहर फार टिकला नाही. १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्याच वर्षी ड्युसेनबर्ग कंपनी बंद पडली. त्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरला आले. शिल्पांसाठी ध्यानमंदिर बांधण्याचा बेत होता, तो तसाच राहिला. महाराजांनी पुढे दोन अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ पर्यंत ते तेथील उपराजप्रमुख होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय त्रेपन्न.

माणिकबागेतील फर्निचरचा १९८० मध्ये मोनॅको येथे लिलाव झाला. राजवाड्यात केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी आली. केशरी ड्युसेनबर्ग कालांतराने समुद्र ओलांडून अमेरिकेत परतली आणि तेथील संग्राहकांच्या हाती गेली.