बागेतल्या कारंज्यासाठी इंजिन बनवणारा माझगावचा पारशी थेट रॉयल सोसायटीत पोहोचला

रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो कोण, असं विचारलं तर बहुतेक जण पटकन श्रीनिवास रामानुजन यांचं नाव घेतात. पण रामानुजन यांची निवड झाली १९१८ साली. त्याच्या ७७ वर्षं आधी मुंबईतल्या एका माणसाला हा मान मिळाला होता. तो गणिती नव्हता आणि कुठल्या विद्यापीठातही गेला नव्हता. जाणार कसा? मुंबई विद्यापीठ सुरू व्हायलाच १८५७ साल उजाडलं.

हा माणूस गोदीत काम शिकला आणि त्याला नाद लागला वाफेच्या इंजिनाचा. त्यांचं नाव अर्देशिर कर्सेटजी वाडिया.

वाडिया हे नाव मुंबईच्या जुन्या गोदीशी जोडलेलंच आहे. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईत आले ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजं बांधायला. पुढे पिढ्यान् पिढ्या घरातली माणसं गोदीची मुख्य कारागीर झाली. मलबारच्या सागाची त्यांची जहाजं इतकी टिकाऊ होती की ब्रिटिश आरमारही त्यांच्याकडून लढाऊ जहाजं बांधून घ्यायचं. मुंबईत १८१७ साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळतं.

अशा घरात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशिर यांचा जन्म झाला. वडील कर्सेटजी रुस्तमजी गोदीतच होते. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ साली, अर्देशिरही गोदीत रुजू झाले. आयुष्याची दिशा ठरलेली होती. साग ओळखायचा, सांगाडा उभा करायचा, शिडाचं जहाज बांधायचं.

पण नेमका तेव्हाच काळ बदलत होता.

२० मार्च १८३० रोजी ह्यू लिंडसे नावाची आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. बोट मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली होती. ४११ टनांची ती बोट कोळशाने इतकी खचाखच भरली होती की प्रवाशांच्या जागेतही कोळसा ठेवावा लागला. साधारण महिनाभरात ती सुएझला पोहोचली आणि आगबोटीने लाल समुद्रापर्यंत जाता येतं हे सिद्ध झालं.

या बोटीत एक मेख होती. लाकडी सांगाडा मुंबईचा, पण इंजिनं इंग्लंडहून आलेली. म्हणजे ज्या कामात वाडियांचा हात धरणारं कोणी नव्हतं, ते काम आता निम्म्यावर आलं होतं. बोटीचा जीव तिच्या यंत्रात आणि ते यंत्र परक्याच्या हातात. अर्देशिर यांनी हीच गोष्ट मनावर घेतली.

त्यांनी सुरुवात अगदी लहान केली. एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन स्वतः तयार केलं आणि आपल्या बागेतल्या विहिरीवर बसवलं. इंजिन विहिरीचं पाणी वर ओढायचं आणि त्यावर बागेतलं कारंजं उडायचं.

आज एक अश्वशक्तीचा पंप दुकानातून सहज उचलून आणता येतो, त्यामुळे यात काय मोठंसं, असं वाटू शकतं. पण हे यंत्र चालतं कसं ते पाहिलं की त्यातली मेहनत कळते.

पाण्याची वाफ झाली की तिला साध्या दाबाखाली पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. बॉयलरमध्ये कोंडलेली ही वाफ सिलिंडरमध्ये सोडली की ती आतल्या दट्ट्याला ढकलते. दट्ट्या मागेपुढे होतो आणि त्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. सांगायला सोपं आहे, पण सिलिंडर आतून अचूक गोल आणि गुळगुळीत लागतो. दट्ट्या सैल बसला तर वाफ कडेने निसटते, घट्ट बसला तर अडकून पडतो. बॉयलरचा सांधा कच्चा राहिला तर जिवावरच बेतायचं. हे सगळं अर्देशिर यांनी अशा शहरात केलं जिथे तेव्हा आगगाडीसुद्धा नव्हती. ती यायला अजून वीस वर्षं होती.

मग पाळी आली बोटीची. वडिलांच्या मदतीने अर्देशिर यांनी इंग्लंडहून १० अश्वशक्तीचं बोटीचं इंजिन मागवलं आणि ते इंडस नावाच्या लहानशा बोटीत बसवलं. १८३३ साली माझगावला ही बोट पाण्यात उतरली. पुढे ती सरकारनेच विकत घेतली.

विहिरीवरचं इंजिन आणि बोटीतलं इंजिन यांत मोठा फरक असतो. तेव्हाच्या आगबोटींना आजच्यासारखा पाण्याखालचा पंखा नसायचा. दोन्ही बाजूंना मोठी चाकं असायची आणि त्यांच्या फळ्या वल्ह्यांसारखं पाणी मागे लोटायच्या. बोट कोळशाने भरली की ती खाली बसते, चाकं पाण्यात जास्त बुडतात आणि इंजिनाचा दम निघतो. कोळसा जळत गेला की बोट वर येते आणि फळ्यांना पुरेसं पाणी मिळत नाही. लाटेने बोट कलली की एक चाक हवेत आणि दुसरं खोल पाण्यात. त्यात इंजिन, बॉयलर, पाणी आणि कोळसा यांचं वजन नीट वाटलं नाही तर बोट चालेल, पण सरळ चालणार नाही.

म्हणजे बोट बांधणाऱ्याला इंजिन कळायला हवं आणि इंजिनवाल्याला बोट. गोदीतला जन्म आणि यंत्राचा नाद, अर्देशिर यांच्याकडे दोन्ही होतं.

त्यांचं डोकं फक्त बोटीतच अडकलं नाही. १८३४ साली त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. ते पाहायला खुद्द मुंबईचे गव्हर्नर आले होते. शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला त्यानंतर तीस वर्षं जावी लागली.

१८३९ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, अर्देशिर इंग्लंडला निघाले. सुएझ कालवा तेव्हा नव्हता. समुद्रमार्गे सुएझ, तिथून जमिनीवरून इजिप्त ओलांडायचा आणि पुन्हा भूमध्य समुद्रातून पुढे, असा तो प्रवास होता. वर्षभर त्यांनी तिकडचे कारखाने आणि गोद्या पाहिल्या. प्रवासाची आणि मुक्कामाची त्यांची डायरी १८४० साली लंडनमध्ये छापली गेली.

मग आलं १८४१ साल. कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे आणि ओतशाळेचे मुख्य अभियंता नेमलं. त्याच वर्षी २७ मे रोजी रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं.

मुंबईतल्या सगळ्यांनाच या नेमणुकीचा आनंद झाला नाही. कारखान्यात युरोपियन कारागीर होते आणि आता त्यांचा साहेब एक पारशी असणार होता. हिंदुस्थानी माणूस गोऱ्यांकडून काम करून घेईल, हे इंग्रजी वृत्तपत्राला पटेना आणि तिथून विरोधाचा सूर निघाला. अर्देशिर त्या खुर्चीवर थोडीथोडकी नाही, १६ वर्षं बसले. १८५७ साली ते उठले ते निवृत्त होऊनच.

याच काळात, १८४९ साली, ते अमेरिकेलाही गेले आणि तिथून लाकूड कापायची यंत्रं घेऊन आले. शिवणयंत्र, फोटोग्राफी आणि विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याची पद्धत मुंबईत आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडली १८५१ साली. त्यांनी एक आगबोट पाण्यात उतरवली. नाव ठेवलं लवजी फॅमिली, म्हणजे ज्या पूर्वजाने सुरतेहून येऊन हा धंदा मुंबईत उभा केला त्याच्या घराण्याचं नाव. या बोटीची वेगळी गोष्ट अशी की तिच्या यंत्राचे सगळे भाग अर्देशिर यांच्या घरच्या ओतशाळेत बनले होते. इंडसच्या वेळी इंजिन साता समुद्रापलीकडून आणावं लागलं होतं. १८ वर्षांनी ती गरज संपली होती.

निवृत्तीनंतर १८६१ साली त्यांना सिंधमधल्या कोटरीला इंडस फ्लोटिला कंपनीच्या बोटींवर देखरेख करण्याचं काम मिळालं. पहिल्या बोटीचं नाव इंडस आणि शेवटची नोकरीही इंडस, म्हणजे सिंधू नदीवरच. १८६३ साली ते तिथून मोकळे झाले. पुढे इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या रिचमंडला स्थायिक झाले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तिथेच वारले.

१९६९ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. पण डॉकयार्ड रोडला उतरून रोज माझगावात कामाला जाणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल? इथल्याच एका बागेत कधीकाळी वाफेवर कारंजं उडत होतं आणि ते उडवणाऱ्या माणसाने पुढे मुंबईत अख्खी आगबोट बनवून दाखवली, एवढं तरी लक्षात राहायला हवं.