आजीने ठेवलेलं नाव

जून महिन्यातला पहिला नाहीतर दुसरा शनिवार-रविवार. अमेरिकेतल्या शिकागो शहरात, तळ्याकाठच्या भल्यामोठ्या बागेत माणसांचा नुसता पूर लोटलेला असतो. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्यात, कुणी सतरंजी अंथरून पोराबाळांसह डबा उघडून बसलंय. म्हातारे आहेत, कॉलेजची मुलं आहेत, काळे-गोरे सगळे आहेत. समोर मंचावर गिटार आणि माऊथ ऑर्गन वाजतोय. ना तिकीट, ना पास. यावं, बसावं, ऐकावं आणि वाटलं तर उठून नाचावं. हा आहे शिकागोचा ब्लूज महोत्सव. फुकटात होणारा ब्लूजचा जगातला सगळ्यात मोठा महोत्सव म्हणून तो ओळखला जातो.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं. गुलामी संपली तरी गरिबी संपली नाही, त्या काळात कापसाच्या शेतात राबणाऱ्या माणसांनी रचलेलं. हा महोत्सव १९८४ साली सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी शिकागोतला सगळ्यात मोठा ब्लूज गायक वारला होता. मडी वॉटर्स त्याचं नाव. ‘मडी’ म्हणजे चिखलाने माखलेला! आता असलं नाव कोण ठेवेल? त्याच्या आजीने ठेवलं होतं. मैत्रिणींनो, आजची गोष्ट या मडीची आहे, आणि त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या बायकांचीही.

त्याचं खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. जन्म मिसिसिपी राज्यातला, ४ एप्रिलचा. पण साल कोणतं? कुठे १९१३ सापडतं, तर तो स्वतः १९१५ सांगायचा, आणि थडग्यावरही १९१५ च कोरलंय. गरिबाघरच्या पोराच्या जन्माची पक्की नोंद कोण ठेवणार? तो अगदी लहान असतानाच आई गेली. आजीने, डेला ग्रँटने, त्याला उचलून आपल्याकडे आणलं. क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हल नावाच्या मोठ्या मळ्यावर ती राहायची. घराजवळच्या ओढ्यात हे पोर सारखं चिखलात लोळायचं, म्हणून आजी त्याला मडी म्हणायला लागली. पुढे सवंगड्यांनी त्याला वॉटर्स जोडलं आणि तेच नाव जगभर झालं.

मळ्यावरचं जिणं कसं होतं? जमीन मालकाची, राबायचं आपण. बी-बियाणं, पीठ-मीठ सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर. कापूस निघाला की हिशेब व्हायचा आणि बहुतेकांच्या हातात काहीच उरायचं नाही, उलट देणंच निघायचं. कापूस वेचून बोटांची काय गत होते हे ज्या मैत्रिणींनी अनुभवलंय, त्यांना मी वेगळं काय सांगू? मडीची शाळा तिसरीच्या आसपासच सुटली. तोही शेतात लागला. लिहिणं-वाचणं त्याला आयुष्यभर फारसं जमलं नाही.

पण गाण्याचं वेड मात्र होतं. आधी माऊथ ऑर्गन, मग गिटार. डेला देवभक्त बाई. ब्लूज हे तिच्या मते सैतानाचं गाणं, ते गाणं म्हणजे पाप. तरी नातवाने ऐकलं नाही. सतरा वर्षांचा असताना त्याने घरचा शेवटचा घोडा विकला. पंधराएक डॉलर आले. निम्मे त्याने इमानाने आजीच्या हातावर ठेवले आणि उरलेल्यातून अडीच डॉलरची जुनी गिटार घेतली. गंमत बघा, तिथल्या लोकांच्या या गिटारी टपालाने कुठून यायच्या? शिकागोच्या एका मोठ्या दुकानातून! गिटार आधी आली, मागाहून तो शिकागोला गेला.

दिवसा ट्रॅक्टर चालवायचा, शनिवारी रात्री मळ्यावरच्या लोकांसाठी गायचं. जोडीला चोरून दारू गाळणं आणि विकणंही चालायचं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये दोन परके पाहुणे त्याला शोधत आले. त्याला वाटलं, दारू पकडायला सरकारी माणसं आली! पण ते होते लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क. ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आले होते. त्यांनी मडीचं गाणं तिथेच मुद्रित केलं आणि त्याला ऐकवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचा आवाज ऐकला. आपण एवढं चांगलं गातो? त्याचा विश्वासच बसेना. पुढे टपालाने रेकॉर्डच्या दोन प्रती आणि वीस डॉलरचा चेक आला. एक रेकॉर्ड घेऊन तो जवळच्या अड्ड्यावर गेला आणि तिथल्या यंत्रात पुन्हा पुन्हा लावून ऐकत राहिला.

तरी लगेच तो कुठे गेला नाही. निघायला निमित्त झालं ते अगदी साधं. १९४३ साली ट्रॅक्टर चालवण्याचे त्याला तासाला बावीस-साडेबावीस सेंट मिळायचे. त्याने पंचवीस मागितले. मुकादमाने नकार दिला, वर अपमान केला. मडीने आजीला सांगितलं, कपड्यांचं बोचकं बांधलं, गिटार घेतली आणि शिकागोची गाडी पकडली. त्या काळात दक्षिणेतून असे लाखो काळे लोक उत्तरेकडच्या शहरांत चालले होते. १९१० ते १९७० या साठ वर्षांत साधारण साठ लाख माणसं अशी गाव सोडून गेली.

शिकागोत कागदाच्या कारखान्यात काम मिळालं. शेतापेक्षा कितीतरी जास्त पगार! मग मालाची ट्रक चालवली. रात्री दारूच्या गुत्त्यांवर गाणं. पण शहरातला गोंगाट केवढा! गावाकडची लाकडी गिटार त्यात ऐकूच येईना. मग १९४४-४५ च्या सुमारास विजेवर चालणारी गिटार हातात आली आणि सगळं बदललं. गाणं तेच, मळ्यावरचंच, पण आता त्याला शहराचा आवाज मिळाला. गाव सोडून आलेल्या माणसांना त्यात आपलं गावही सापडलं आणि हे नवं शहरही.

१९४८ साली त्याची रेकॉर्ड निघाली. कंपनीचे एक मालक लिओनार्ड चेस यांना त्या गाण्यात काही दम वाटत नव्हता, पण त्यांच्या भागीदार एव्हलिन ॲरन यांनी ती काढायला लावली. सगळा माल शनिवार-रविवारातच खलास! खुद्द मडी आपलीच रेकॉर्ड विकत घ्यायला गेला, तर दुकानदाराने भाव वाढवलेला आणि एका गिऱ्हाईकाला मोजक्याच प्रती देत होता. मग आणखी आणायला त्याने बायकोला पाठवलं म्हणतात.

ही बायको म्हणजे जिनिव्हा. मडीचा पहिला संसार गावाकडेच मोडला होता. दुसऱ्या बाईपासून त्याला मूल झालं आणि ती पहिली बायको निघून गेली. जिनिव्हा मात्र राहिली. १९५४ साली मडीने शिकागोच्या दक्षिण भागात, लेक पार्क रस्त्यावर विटांचं घर घेतलं. तळघरात गाण्याची तालीम चालायची. पियानो वाजवणारा ओटिस स्पॅन तर तिथेच राहायला होता. गावाहून नवा आलेला, नोकरी नसलेला, भांडून आलेला असा कुणी ना कुणी वादक पायरीवर असायचाच. आणि वर चुलीपाशी जिनिव्हा. या सगळ्यांची पोटं तिने भरली. नातीलाही तिनेच वाढवलं.

बाहेर मडीचं नाव होत होतं. १९५८ साली तो इंग्लंडला गेला, १९६० साली न्यूपोर्टच्या मोठ्या महोत्सवात गाजला. लंडनच्या काही पोरांनी १९६२ साली आपल्या वाद्यवृंदाला त्याच्या एका गाण्यावरून रोलिंग स्टोन्स असं नाव दिलं. पण घरात? मडीची बाहेर प्रकरणं चालूच होती. बाहेर मुलंही होती. जिनिव्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. किती रात्री तिने काय विचार केला असेल, कुणी लिहून ठेवलेलं नाही. मडीच्या आयुष्यावर जाडजूड पुस्तकं निघाली, पण या बाईच्या मनातलं त्यात कितीसं येणार?

१९६९ साली मोटारीचा भीषण अपघात झाला. तीन माणसं दगावली, मडी महिनोन् महिने अंथरुणावर होता. त्यातून उठला, पुन्हा गायला लागला. मग १९७३ साली जिनिव्हा कर्करोगाने गेली. त्यानंतर मडीने दुसऱ्या बाईपासून झालेली आपली मुलं घरी आणली आणि वेस्टमाँट नावाच्या उपनगरात घर केलं. तिथे तो मुलांचा बाप म्हणून राहिला. चांगलं केलं म्हणावं, की उशीर केला म्हणावं? दोन्ही खरं आहे.

आणि आता त्याची दुसरी बाजू. १९५७ साली बडी गाय नावाचा एक पोरगा लुइझियानाहून शिकागोला आला. काम मिळेना, पैसे संपले, पोटात अन्न नाही. गावी परत जायच्या बेतात होता. एका रात्री कसाबसा मंचावर चढून गिटार वाजवली. मडीच्या कानावर गेलं. तो आपल्या गाडीतून आला, बरोबर पाव आणि मांस घेऊन! पोराला गाडीत बसवलं, आधी खाऊ घातलं, मग गाण्याचं बोलणं काढलं. बडी परत गेला नाही. पुढे तो जगातला नावाजलेला गिटारवादक झाला. २०११ साली मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा तोच बडी गाय येऊन वाजवून गेला. म्हणजे त्या एका पावाच्या तुकड्याचा धागा आपल्या मुंबईपर्यंत आला, नाही का? भुकेल्याला आधी वाढायचं, मग बोलायचं, हे मडी कुठे शिकला असेल? मला तर वाटतं, आजीच्या आणि जिनिव्हाच्या स्वयंपाकघरात.

उतारवयात मडीला सहा ग्रॅमी पुरस्कार मिळाले. गाण्यांच्या हक्काच्या पैशांसाठी कोर्टात जावं लागलं, तडजोड झाली आणि थोडे पैसे हाती आले. ३० एप्रिल १९८३ ला झोपेतच त्याचं हृदय थांबलं.

त्याच महिन्यात शिकागोत हॅरल्ड वॉशिंग्टन महापौर झाले होते, शहराचे पहिले काळे महापौर. त्यांच्या कार्यालयात शहराच्या कार्यक्रमांची जबाबदारी लोइस वाइसबर्ग या बाईंकडे आली. अफाट ओळखीपाळखी असलेली, कुणालाही कुणाशी जोडून देणारी बाई! तिच्या पुढाकाराने १९८४ च्या जूनमध्ये ग्रँट पार्कमध्ये पहिला ब्लूज महोत्सव भरला. तीन दिवस, सगळ्यांना खुला. ज्यांनी हे गाणं घडवलं त्यांच्यातल्या किती जणांना महागडं तिकीट परवडलं असतं? म्हणून तो फुकट. आणि ती प्रथा आजही पाळली जाते.

पुढे तिथे चक बेरी आला, रे चार्ल्स आला. लोकांची घरं साफ करून पोट भरणारी आणि नंतर ब्लूजची राणी म्हणून मिरवलेली कोको टेलर तर कितीदा गायली. दिवसा लहान मंचांवर नवे-जुने स्थानिक कलाकार, संध्याकाळी मोठ्या मंचावर मोठी नावं. गेलेल्या कलावंतांची आठवण म्हणून खास कार्यक्रम. २०१७ पासून महोत्सव शेजारच्या मिलेनियम पार्कमध्ये भरतो. २०२० साली करोनामुळे खंड पडला, पण पुन्हा उभा राहिला.

२०१५ साली महोत्सवात मडीची जन्मशताब्दी साजरी झाली. तेव्हा त्याचे दोन मुलगे मंचावर गायले. थोरला, मड मॉर्गनफील्ड, आईने वाढवलेला. बापासारखाच तोही आधी ट्रक चालवायचा. दुसरा, बिग बिल मॉर्गनफील्ड, फ्लोरिडात वाढला. बाप क्वचितच भेटायचा. बाप गेल्यावर त्याने गिटार हातात घेतली, म्हणजे बापाची खरी ओळख त्याला गाण्यातूनच झाली. आणि त्याला कुणी वाढवलं माहीत आहे? त्याच्या आजीने!

लेक पार्क रस्त्यावरचं ते घर मधल्या काळात पार मोडकळीला आलं होतं. २०२१ साली शिकागो शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला. तिथे संग्रहालय उभारण्याचं काम हातात घेतलंय मडीच्या पणतीने. जिनिव्हाने जिला वाढवलं, त्या नातीची ही लेक.

मोठ्या माणसाचं मोठेपण नाकारायचं कारण नाही, आणि त्याच्या चुकांवर पांघरूण घालायचंही कारण नाही. पण दरवर्षी जूनमध्ये त्या बागेत लाखो लोक त्याचं नाव घेतात, ते नाव एका कापूस वेचणाऱ्या आजीने ओढ्याकाठी, चिखलातल्या पोराला उचलून घेताना ठेवलं होतं, एवढं आपण लक्षात ठेवूया.